इतिहासाचा तास आणि परतफेडीचे कर्तव्य



येत्या ३० सप्टेंबर रोजी कॅनडातील शाळांत मुले नारिंगी रंगाचे सदरे घालून जातील. आपल्या धर्मग्रामातील बऱ्याच घरांची लेकरे तिकडे स्थायिक झाली असल्याने त्या दिवसाचे फोटो आपल्याही मोबाईलवर येतात. फोटोत रंग छान दिसतो. त्यामागची हकीकत मात्र तशी नाही. घरभेटीच्या वेळी हा विषय आमच्यापुढे दोन-तीनदा निघाला. एका आजींनी तर सरळच विचारले, "फादर, नातू तिसरीत आहे, कॅथलिक शाळेतच जातो. तिथे त्याला शिकवतात की फादर-सिस्टरांच्या शाळांनी आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडलं. खरं असेलही. पण एवढ्याशा पोराला हे कशाला सांगायचं?"

आजींच्या बोलण्यात दोन प्रश्न आहेत. हे खरे आहे काय, हा पहिला. आणि खरे असले तरी शाळेत शिकवावे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कागदपत्रांत मिळते. दुसरा नीतिशास्त्राचा आहे, आणि त्यासाठीच आज हे पान आम्ही खर्च करीत आहोत.

पहिल्याचे उत्तर, होय, खरे आहे. कॅनडाच्या सरकारने १८८३ पासून देशाच्या पश्चिम भागात आदिवासी मुलांसाठी निवासी शाळांची व्यवस्था उभी केली. पैसा सरकारचा आणि चालविणारे हात चर्चचे, असा तो करार होता. पहिल्या तीन शाळांपैकी दोन कॅथलिक होत्या. १९३१ साली अशा ८० शाळा चालू होत्या. त्यांपैकी ४४ कॅथलिक, बाकीच्या अँग्लिकन, युनायटेड व प्रेस्बिटेरियन पंथांच्या. १९२० मध्ये कायदा दुरुस्त करून या मुलांना शाळेत पाठविण्याची सक्ती करण्याचा अधिकार सरकारने हाती घेतला. शेवटची शाळा बंद होईपर्यंत १९९० चे दशक सरत आले होते. एवढ्या काळात सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी ही तिथल्या मूळ समाजांची नावे. आपल्या पद्धतीने बोलायचे तर तिथले आदिवासी.

मूल घरात राहिले तर ते आईबापांसारखेच होईल, म्हणून त्याला घरापासून दूर ठेवावे, या विचारावर ती सारी व्यवस्था उभी होती. मुलांचे केस कापले जात. अंगावरचे कपडे काढून घेत. नाव बदलत, अनेक ठिकाणी नावाऐवजी क्रमांक देत. मातृभाषेत बोलले की शिक्षा. भाऊ-बहीण एकाच शाळेत असूनही त्यांना एकमेकांशी बोलता येत नसे. मारहाण झाली, लैंगिक अत्याचार झाले. क्षयाने मुले मेली. १९०७ साली सरकारच्याच वैद्यकीय अधिकाऱ्याने, डॉ. पीटर ब्राइस यांनी, पंधरा शाळांची पाहणी केली. त्या शाळांतून गेलेल्या मुलांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा मरण पावल्याचे त्यांना आढळले. त्यांनी अहवाल दिला, उपाय सुचविले, आणि ते बाजूला ठेवण्यात आले. १९२२ मध्ये त्यांनी स्वतःच ती हकीकत छापून प्रसिद्ध केली. आज नावानिशी नोंद असलेल्या मृत मुलांची संख्या चार हजारांच्या वर गेली आहे.

नारिंगी सदऱ्याची गोष्ट यातलीच. १९७३ साली ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फिलिस वेबस्टाड नावाची सहा वर्षांची मुलगी सेंट जोसेफ मिशनच्या वसतिगृहात राहायला गेली. शाळेत जायचे म्हणून आजीने तिला नवा नारिंगी सदरा घेऊन दिला होता. पहिल्याच दिवशी तिचे कपडे काढून घेण्यात आले. तो सदरा तिला परत मिळाला नाही. मोठेपणी तिने ही गोष्ट सांगितली आणि २०१३ पासून नारिंगी सदऱ्याचा दिवस पाळला जाऊ लागला. २०२१ पासून ३० सप्टेंबर हा तिथे सत्य आणि समेटाचा राष्ट्रीय दिवस आहे. सहा वर्षांच्या मुलाला समजेल एवढीच ही गोष्ट आहे, आणि म्हणूनच लहान वर्गांत ती सांगतात.

आता दुसरा प्रश्न.

या निवासी शाळांसाठी कॅनडाने सत्य आणि समेट आयोग नेमला होता. न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर हे त्याचे अध्यक्ष. ते स्वतः आदिवासी समाजातले होते, २०२४ मध्ये निवर्तले. आयोगाने वर्षानुवर्षे त्या शाळांतून वाचलेल्यांचे बोलणे ऐकून घेतले आणि २०१५ मध्ये ९४ मागण्या देशापुढे ठेवल्या. त्यांतली ६२ वी मागणी आपल्या विषयाची आहे. निवासी शाळा, आदिवासींशी झालेले करार आणि देशाच्या घडणीत त्यांचा वाटा हे विषय बालवाडीपासून बारावीपर्यंत, मुलांच्या वयाला झेपेल अशा रीतीने, सक्तीने शिकवावेत. आणि अभ्यासक्रम त्या समाजांना विचारून तयार करावा. ६४ वी मागणी सरकारी पैशावर चालणाऱ्या धार्मिक शाळांना उद्देशून आहे. त्यांत ऑन्टारिओ, अल्बर्टा, सस्कॅचवान या प्रांतांतल्या कॅथलिक शाळा येतात, म्हणजे आपली बरीच नातवंडे जातात त्या. तिथे वडीलधाऱ्या आदिवासींच्या सहकार्याने त्यांच्या श्रद्धांचीही ओळख करून द्यावी, असे आयोग म्हणतो.

मागणी मान्य करायला प्रांतांनी आपापल्या गतीने वेळ घेतला. २०१८ च्या जुलै महिन्यात ऑन्टारिओच्या नव्या सरकारने अभ्यासक्रम लिहिण्यासाठी ठरलेल्या बैठका ऐनवेळी रद्द केल्या होत्या. त्याच ऑन्टारिओत सप्टेंबर २०२३ पासून पहिली ते तिसरीच्या समाजशास्त्रात निवासी शाळांचा धडा सक्तीचा झाला. ब्रिटिश कोलंबियात तर २०२३-२४ पासून आदिवासी विषयाचा अभ्यास केल्याशिवाय शालान्त प्रमाणपत्र मिळत नाही.

आयोगाने शाळेवर एवढा भर का दिला?  आमच्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर न्यायाच्या जुन्या कल्पनेत आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी न्यायाच्या विवेचनात परतफेडीचा वेगळा विचार केला आहे. ज्याचे घेतले त्याला ते परत केल्याशिवाय न्याय पुरा होत नाही. नुसते वाईट वाटून भागत नाही. परत करायच्या वस्तूंत ते केवळ पैसा आणि जमीन धरीत नाहीत. एखाद्याचे चांगले नाव अन्यायाने हिरावले असेल, तर तेही परत करावे लागते. आणि सत्यवचन या सद्गुणाला ते न्यायाच्याच घरात जागा देतात, कारण माणसाचे माणसाकडे सत्याचे देणे असते. आपल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षेतही (परिच्छेद २४८७) हेच आहे: सत्याविरुद्ध केलेल्या अपराधाची भरपाई करावी लागते, मग त्या अपराधाबद्दल क्षमा मिळालेली असली तरीही.

आता पाहा, कॅनडात नाव हिरावले गेले ते कुठे? वर्गात. निवासी शाळेतल्या आदिवासी मुलापुढे जे पुस्तक उघडले जाई, त्यात त्याचे आजोबा-पणजोबा रानटी म्हणून यायचे, नाहीतर यायचेच नाहीत. आणि हजार मैलांवर टोरोंटोच्या साध्या शाळेत बसलेले गोरे मूल तशीच पुस्तके वाचत होते. एकाला स्वतःची लाज शिकविली गेली, दुसऱ्याला आंधळेपण. दोघेही मोठे झाले, एक जण मागणारा झाला आणि दुसरा मत देणारा नागरिक, आणि दुसऱ्याला पहिला काय मागतो हेच कळेना. म्हणून जिथे घेतले तिथेच परत करायचे. समाजशास्त्राच्या तासाला घेतले, समाजशास्त्राच्या तासाला द्यायचे. आम्हाला यात दयेचा किंवा उदारपणाचा भाग दिसत नाही. जक्कयाने अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे वचन दिले तेव्हा तो दानधर्म करीत नव्हता.

यावर पहिला आक्षेप आजींचाच, आणि त्याला पवित्र शास्त्राचा आधार आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात देव आंबट द्राक्षांच्या त्या जुन्या म्हणीला इस्रायलात बंदीच घालतो: बापाचा दोष मुलाच्या माथी नाही. मग तिसरीतल्या पोराने काय केले? वसईच्या आईबापांच्या पोटी ब्रॅम्प्टनमध्ये जन्मलेल्या मुलाचा तर त्या शाळांशी काडीचा संबंध नाही.

आम्ही म्हणतो, दोष नाहीच. शिक्षक जर वर्गातल्या मुलांना दोषी ठरवीत असेल तर तो यहेज्केलाच्या विरुद्ध शिकवीत आहे, आणि वाईट शिकवीत आहे. परंतु दोष वेगळा आणि देणे वेगळे. आपण वसईची माणसे आहोत, आपल्याला सातबारा कळतो. वडिलांनी वाडीवर कर्ज काढले आणि ते गेले. मुलाने कर्ज काढलेले नाही, सहीदेखील केलेली नाही. तरी वाडी नावावर चढते तेव्हा इतर हक्कांच्या रकान्यातला बोजा तिच्याबरोबर येतो. त्याला कोणी गुन्हेगार म्हणत नाही. पण वाडी माझी आणि बोजा बापाचा, असेही त्याला म्हणता येत नाही. ज्याने ती वाडी विकत घेतली त्या परक्या माणसालाही सातबारा वाचावाच लागतो. जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी १९४६ साली आपल्या देशबांधवांपुढे असाच फरक मांडला होता. गुन्हा हा गुन्हेगाराचा, परंतु राज्याने केलेल्या कृत्याची जबाबदारी त्या राज्याच्या नागरिकांवर येते, मग ते हाताने निर्दोष असले तरी. आणि दानिएल संदेष्टा (अध्याय ९) स्वतः सचोटीचा असूनही आपल्या पूर्वजांच्या पापांविषयी देवापुढे बोलताना "आम्ही" म्हणतो, "ते" म्हणत नाही. यहेज्केल आणि दानिएल एकाच बायबलात आहेत. एकाला घेऊन दुसऱ्याला सोडता येत नाही.

सातबाऱ्याचे उदाहरण आम्ही उगाच घेतलेले नाही. आपली बरीच मंडळी टोरोंटोला लागून असलेल्या मिसिसागा शहरात राहतात. मिसिसागा हे एका आदिवासी समाजाचे नाव आहे, आणि तो समाज संपलेला नाही. टोरोंटोची जमीन त्यांची होती. १७८७ साली इंग्रजांनी ती घेतली, पण त्या व्यवहाराचा दस्त नंतर पाहिला तर कोराच निघाला. मग १८०५ मध्ये अडीच लाख एकरांहून जास्त जमिनीचा व्यवहार पक्का करण्यात आला, किंमत १० शिलिंग. त्या समाजाने दावा चालू ठेवला. शेवटी २०१० मध्ये कॅनडाच्या सरकारने १४.५ कोटी डॉलर देऊन तो मिटविला. आपल्याकडे बांधावरून कोर्टात तीन पिढ्या जातात, तेव्हा २०० वर्षे चाललेला दावा आपल्याला समजायला जड जाऊ नये. ज्या जमिनीवर आपल्या मुलाने घर घेतले आहे तिचा पूर्वीचा मालक कोण, तो तिथून कसा गेला, हे नातवाने शाळेत शिकले तर त्यात त्याचे नुकसान काय?

दुसरा आक्षेप आमच्या कानावर जास्त येतो, पण दबक्या आवाजात. अशा शिकविण्याने ख्रिस्तसभेची बदनामी होते, मुलांचा धर्मगुरूंवरचा विश्वास उडतो. शिवाय त्या शाळांत चांगली माणसेही होती. मायेने वागवणाऱ्या सिस्टर्स होत्या, आदिवासींच्या भाषांचे शब्दकोश रचणारे धर्मगुरू होते. मेलेल्यांची उणीदुणी काढणे हे पापच नव्हे काय?

दुसऱ्याचे दोष विनाकारण उघड करणे हे पाप आहेच. धर्मशिक्षाही तसेच सांगते, पण त्यातला "विनाकारण" हा शब्द महत्त्वाचा. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे नाव परत करायचे असेल, तर अन्याय कोणी केला हे सांगितल्यावाचून ते होत नाही. इथे कारण आहे, आणि ते मोठे आहे. परमगुरुस्वामी लिओ तेरावे यांनी १८८१ साली व्हॅटिकनची पुराभिलेख कोठडी अभ्यासकांना खुली केली आणि १८८३ मध्ये इतिहासलेखनाविषयी पत्र लिहिले. खोटे सांगू नये आणि खरे सांगायला भिऊ नये, हा सिसेरोचा जुना नियम त्यांनी कॅथलिक इतिहासकारांपुढे ठेवला. योगायोग असा, की त्याच १८८३ साली कॅनडात निवासी शाळांचा तो निर्णय झाला.

चांगल्या सिस्टर्सविषयीही बोलले पाहिजे. त्यांना पुसून टाकणेही असत्यच होईल. परंतु एखादी मायाळू सिस्टर त्या व्यवस्थेत होती म्हणून व्यवस्था मायाळू ठरत नाही. आपण जे मूल कुशीत घेतो आहोत त्याला आई आहे, आणि ती कित्येक मैलांवर रडते आहे, हा प्रश्न त्या चांगल्या माणसांपैकी बहुतेकांना पडलेला दिसत नाही. आमच्या मते वर्गात शिकविण्यासारखी सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगाची गोष्ट हीच आहे. क्रूर माणसाची गोष्ट सांगणे सोपे. भल्या माणसांनी प्रार्थना करून, झोकून देऊन चुकीचे काम कसे केले, हे समजून घ्यायला नववी-दहावीचे वय लागते.

आणि सत्य हे देणे असेल तर ते दोन्ही बाजूंनी चोख द्यावे लागते. मे २०२१ मध्ये कॅम्लूप्स येथील जुन्या निवासी शाळेच्या आवारात रडारने जमिनीची पाहणी झाली आणि सुमारे २१५ कबरी असाव्यात अशी चिन्हे दिसल्याचे तिथल्या आदिवासी समाजाने जाहीर केले. जगभरच्या वृत्तपत्रांनी ते सामूहिक दफन म्हणून छापले. त्या समाजाच्या प्रमुख बाईंनीच तो शब्द नाकारला होता. मोठ्या प्रमाणावर उत्खनन झालेले नाही. रडारला दिसते ते जमिनीखालची हलविलेली माती, सांगाडे नव्हेत. त्या उन्हाळ्यात कित्येक चर्चेस जाळण्यात आली, आणि त्यांतली काही तर आदिवासी कॅथलिकांचीच होती, ज्यांत त्यांच्या आजी-आजोबांचे बाप्तिस्मे आणि लग्ने झाली होती. शिक्षकाने हे जसेच्या तसे सांगावे. जे कागदावर सिद्ध आहे ते सिद्ध म्हणून, जे संभाव्य आहे ते संभाव्य म्हणून. चार हजारांवर मुलांची नावे हाताशी असताना फुगवून सांगण्याची गरज नाही, आणि एका मथळ्यात चूक झाली म्हणून ती नावे खोटी पाडण्याचा प्रयत्न काही जण तिथे करीत आहेत, तोही तितकाच अप्रामाणिक आहे.

शिकवायचे ते कसे, हाही प्रश्न नीतीचाच आहे. एक पद्धत तिथे फार वर्षे चालत आली: कागदाची पिसे कापा, मण्यांच्या माळा ओवा, कापडाचा तंबू करा, झाला आदिवासींचा धडा. त्यात माणसे नसतात, पोशाख असतात. दुसरी पद्धत नव्याने आली आहे आणि तिच्यात नुसते दुःखच दुःख असते. वर्गातले एकमेव आदिवासी मूल खाली मान घालून बसते आणि सगळे त्याच्याकडे कीव करीत पाहतात. त्यापेक्षा अपमान बरा. आयोगाने मागितले होते ते याहून बरेच भरीव. १८७१ ते १९२१ या काळात झालेले अकरा क्रमांकित करार मुलांना वाचायला द्या, आणि कोणत्या बाजूला त्यांचा अर्थ काय वाटला ते सांगा: एकाला ती जमिनीची विक्री, दुसऱ्याला एकत्र राहण्याचा शब्द. कॅनडा हे नावच मुळात तिथल्या भाषेतल्या "कानाता" म्हणजे गाव या शब्दावरून आले, हे सांगा. आणि शिकविताना त्या समाजातल्या म्हाताऱ्या माणसांना वर्गात बोलवा. परतफेडीचा नियम असा की किती घेतले हे घेणाऱ्याने एकट्याने ठरवायचे नसते. ज्याचे गेले त्याला विचारायचे असते.

पुरे परत देता येईल काय? नाही. कित्येक घरांत आजीची भाषा नातीला येत नाही, आणि ती आता कोणत्याही तासाला शिकवून तशीच परत येणार नाही. संत थॉमस यांनी याचाही विचार केला आहे: जिथे बरोबरीने फेडणे शक्य नसते तिथे जेवढे शक्य तेवढे तरी फेडावे. आईबापांचे ऋण आपण असेच फेडतो.

या बाबतीत ख्रिस्तसभेने पाऊल उचलले आहे, तेही आपल्या माणसांना ठाऊक असावे. त्या शाळांपैकी अनेक चालविणाऱ्या ऑब्लेट संघाने १९९१ मध्ये क्षमा मागितली. कॅनडाच्या पंतप्रधानांनी २००८ मध्ये संसदेत मागितली. आणि २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस, गुडघ्याच्या दुखण्याने चाकाच्या खुर्चीत बसून, मास्क्वासिस या गावी गेले आणि जुन्या निवासी शाळेच्या जागेजवळ त्या समाजांपुढे त्यांनी क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी संत अॅनाच्या सणाला ते लाक सेंट अॅन या तळ्यावर होते, जिथे आदिवासी कॅथलिक पिढ्यान्‌पिढ्या यात्रेला येतात. एवढे होऊनही ती माणसे यात्रेला येतात, याचाही धड्यात समावेश असावा असे आम्हाला वाटते.

त्यानंतर ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने आणखी एक गोष्ट केली, आणि तिचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. ख्रिस्ती राजाने शोधलेली भूमी त्याची, अशी समजूत युरोपात शतकानुशतके चालली होती. तिला आधार म्हणून पंधराव्या शतकातील परमगुरूंच्या काही फर्मानांकडे बोट दाखवीत. ती समजूत कॅथलिक शिकवणुकीचा भाग नाही, असे व्हॅटिकनने त्या दिवशी जाहीर केले. त्या फर्मानांपैकी १४५५ चे एक पोर्तुगालच्या राजाला दिलेले होते. त्याच पोर्तुगालच्या ताब्यात १५३४ साली आपली वसई गेली आणि १७३९ पर्यंत राहिली. आपली श्रद्धा त्या काळातून आपल्यापर्यंत आली आहे. तिची किंमत आपण जाणतो. पण ती ज्या जहाजांतून आली त्यांवर तोफाही होत्या.

आणि पाठ्यपुस्तकात आपण कसे येतो, याचा अनुभव वसईच्या ख्रिस्ती मुलाला नवा नाही. चिमाजी अप्पांची मोहीम शाळेत शिकविली जाते, आणि ती शिकवावी. तो मोठाच इतिहास आहे. पण किल्ल्याबाहेर केळी लावणारा, पाण्याचा रहाट चालविणारा, मराठीच्याच एका बोलीत प्रार्थना करणारा जो समाज त्या दोनशे वर्षांत आणि त्यानंतरही इथेच राहिला, तो त्या धड्यात सापडत नाही. मग शेजारचा मुलगा निरागसपणे विचारतो, "तुम्ही पोर्तुगीज का?" असे विचारले गेलेल्या माणसाला कॅनडातल्या त्या मुलाचे थोडे तरी अधिक कळायला हवे.

पण मग आपल्यालाही कोणी विचारील. महामार्गाच्या पूर्वेला वारल्यांचे पाडे आहेत. वारली चित्रे आपल्या शाळांच्या भिंतींवर आहेत, लग्नपत्रिकांवर आहेत, मंडपांवरही असतात. १९४५ साली याच वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी या पद्धतींविरुद्ध उठाव केला, श्यामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर उभे होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने सावकाराकडे राबत राहायचे, ही ती पद्धत. भिंतीवरचे चित्र ज्याला ओळखता येते अशा आपल्या किती मुलांना लग्नगडी हा शब्द माहीत आहे? आपल्याकडची मिशनची बोर्डिंग आणि कॅनडातल्या निवासी शाळा एकच, असे कोणी म्हणू नये. इथे मूल आईबापांच्या इच्छेने येते आणि दिवाळी-मे महिन्यात घरी जाते, हा फरक लहान नाही. तरी त्या मुलाची बोली वर्गात ऐकू येते काय, आणि आली तर इतर मुले हसतात काय, हे शिक्षकांना विचारण्यासारखे आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्या शाळेतील समाजशास्त्राच्या शिक्षकांबरोबर आम्ही बसणार आहोत. दिवाळीच्या सुट्टीनंतर इयत्ता चौथी आणि सातवीच्या वर्गांत पूर्वेकडच्या पाड्यांवरील एक-दोन वयस्कर मंडळींना बोलवावे, त्यांना जे आणि जेवढे सांगावेसे वाटेल ते त्यांच्या बोलीत सांगू द्यावे, असा विचार आहे. त्यांना आणण्या-नेण्यासाठी ज्यांच्याकडे वाहन असेल, आणि ज्यांना वारली बोली समजते, त्यांनी रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर धर्मग्रामाच्या कार्यालयात भेटावे.

आपले,
प्रमुख धर्मगुरू